अजगराचा फूत्कार आणि स्वभाव

अजगर हा विळखा घालून भक्ष्य मारणारा बिनविषारी साप आहे. त्याला कंठस्वर नाही. तो ओरडत नाही, हाक देत नाही आणि पाळणाऱ्याशी आवाजाने संवादही साधत नाही. त्याच्या तोंडातून वा नाकपुड्यांतून जो आवाज येतो तो जोराने सोडलेल्या श्वासाचा असतो. त्यास मराठीत फूत्कार किंवा फुसकारा म्हणतात. या आवाजाचा अर्थ लावताना दोन चुका वारंवार होतात. एक, त्यात राग, लाड किंवा ओळख शोधणे; आणि दुसरी, अधिक घातक, घोणस या जहाल विषारी सापाचा फुसकारा ऐकूनही त्यास अजगराचे पिल्लू समजणे. मराठवाड्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात ही दुसरी चूक जिवावर बेतू शकते, म्हणून या लेखात तिचा विचार विस्ताराने केला आहे.

भारतात तीन जातींचे अजगर आढळतात. महाराष्ट्रात आढळतो तो भारतीय अजगर. त्याचे शास्त्रीय नाव पायथन मोलुरस. ब्रह्मदेशी अजगर ईशान्य भारतात, तर जाळीदार अजगर ईशान्य भारत व निकोबार बेटांवर सापडतो. ब्रह्मदेशी अजगर पूर्वी भारतीय अजगराची उपजात मानला जाई. २००९ पासून तो स्वतंत्र जात म्हणून ओळखला जातो. परदेशांत घरोघरी पाळला जाणारा बॉल पायथन हा मात्र पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर आहे. पाळीव अजगरांविषयी जे प्रयोग झाले आहेत त्यांतील बरेचसे याच जातीवरचे आहेत.

नाव

'अजगर' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आला. अज म्हणजे बोकड, आणि गर म्हणजे गिळणारा. महाभारताच्या वनपर्वातील आजगरपर्वात शापामुळे अजगर झालेला नहुष राजा भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराला प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेतो. भारतीय वाङ्मयातील हा सर्वांत प्रसिद्ध अजगर बोलका आहे. निसर्गातील अजगर मात्र मुका आहे. भागवतातील अघासुरही अजगराचेच रूप घेतो. मराठी बोलण्यात 'अजगरासारखा पडून राहणे' हा प्रयोग आळसाबद्दल होतो. प्राण्याच्या वर्तनाचे निरीक्षण म्हणून तो बरोबर आहे, मात्र त्यामागचे कारण आळस नव्हे. त्याचा उलगडा पुढे केला आहे.

ध्वनीची निर्मिती

मराठी व्याकरणातील घोष व अघोष वर्णांचा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला अजगराचा आवाज समजणे सोपे जाते. गळ्यावर बोट ठेवून 'म' लांबवला तर बोटाला कंप जाणवतो. 'स' लांबवला तर जाणवत नाही. पहिल्यात स्वरतंतू थरथरतात, दुसऱ्यात केवळ हवा अरुंद वाटेतून घासत जाते. अजगराच्या घशात स्वरतंतू नसल्यामुळे त्याचा प्रत्येक आवाज या दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अघोष घर्षणाचा असतो.

सापाच्या तोंडात, जिभेच्या म्यानाच्या मागे, श्वासनलिकेचे एक फटीसारखे द्वार असते. विश्रांतीच्या वेळी ते बहुतांशी मिटलेले असते. भक्ष्य गिळताना हेच द्वार पुढे सरकवून साप श्वास चालू ठेवतो. सापाला श्वासपटल नाही; बरगड्यांमधील स्नायू छातीची पोकळी लहानमोठी करतात. बहुसंख्य सापांत डावे फुप्फुस नावापुरते उरले आहे. अजगराच्या कुळात ते उजव्याहून लहान असले तरी काम करते. त्यामुळे मोठ्या अजगराच्या शरीरात हवेचा साठा पुष्कळ असतो, आणि बरगड्या एकदम आवळल्या की ती हवा त्या फटीतून वेगाने बाहेर पडते. हाच फूत्कार होय. तोंड मिटलेले असल्यास तो नाकपुड्यांतून येतो. मोठे साप श्वास आत घेतानाही आवाज करतात, म्हणून दूरवरून ऐकणाऱ्यास भात्यासारखी लय जाणवते.

याला अपवाद थोडे आहेत. उत्तर अमेरिकेतील पाइन सापाच्या श्वासद्वारात स्वरतंतूसारखी एक पडदी असल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. नागराजाच्या श्वासनलिकेला पोकळ पिशव्या जोडलेल्या असतात व त्यांमुळे त्याचा फूत्कार खर्जात, गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. अजगरात यांपैकी काहीच नाही. फुरसे तर श्वासाशिवायच आवाज करते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून त्याचे करवतीसारखे खवले करकरतात.

अजगर काय ऐकतो

सापाला बाह्यकर्ण नाही आणि कानाचा पडदाही नाही, पण आतला कान आहे. त्याला जोडलेले एक बारीक हाड जबड्याच्या सांध्याशी टेकलेले असते, त्यामुळे जमिनीचा कंप जबड्यावाटे आत पोहोचतो. २०१२ साली बॉल पायथनवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की हा साप सुमारे ८० ते १६० हर्ट्‌झ या खालच्या पट्टीतील ध्वनींना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि हवेतून येणारा ध्वनीही त्याला कळतो तो कवटी थरथरल्यामुळे. त्याहून वरच्या पट्टीत त्याची श्रवणशक्ती झपाट्याने उतरते.

आता फूत्काराची पट्टी पाहावी. सापांच्या सामान्य फूत्काराची ऊर्जा साधारणपणे ३,००० ते १३,००० हर्ट्‌झ एवढ्या उंच पट्टीत पसरलेली असते. म्हणजेच अजगराला स्वतःचा फूत्कार जवळजवळ ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या अजगराचाही नाही. यावरून एक गोष्ट निश्चित होते: फूत्कार ही अजगरांची आपापसातील भाषा नव्हे. तो ज्यांना कान आहेत अशांसाठी, म्हणजे कोल्हा, मुंगूस, गाय किंवा माणूस यांच्यासाठी दिलेला इशारा आहे. त्याचा अर्थही एकच, 'दूर राहा'. त्यात प्रेमाचा फूत्कार व रागाचा फूत्कार असे प्रकार नाहीत. भीती वाढली की तो जोराने व वारंवार येतो, एवढाच फरक.

पाळलेला अजगर नावाने हाक मारल्यावर येतो, असे सांगणारे लोक खोटे बोलतात असे नाही. पण त्यांच्या निरीक्षणाचे कारण वेगळे असते. पावलांचा कंप, पिंजऱ्याचे दार सरकणे, हाताची ऊब व अन्नाचा वास या गोष्टी अजगर ओळखतो, आणि हाक बहुधा त्यांच्या सोबतच मारलेली असते. पुरुषाचा खर्जातला आवाज त्याच्या श्रवणपट्टीत येत असल्याने तो त्याला अंधुकसा कळतही असेल. शब्द कळत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ सापांना हवेतून व जमिनीतून येणारे ध्वनी ऐकवण्यात आले. विषारी तैपान व तपकिरी साप आवाजापासून दूर गेले, तर वोमा जातीचा अजगर आवाजाच्या दिशेने सरकू लागला. साप पूर्ण बहिरा असतो ही जुनी समजूत यामुळे मागे पडली. गारुड्याच्या पुंगीची गोष्ट मात्र निराळी: नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीमागे.

स्वभाव

अजगर हा दबा धरणारा शिकारी आहे. तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाही; वाटेवर, पाणवठ्याशी किंवा बिळाच्या तोंडाशी तासन्‌तास निश्चल पडतो. त्याच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे काळोखातही उबदार रक्ताचा प्राणी त्याला कळतो. मोठे भक्ष्य गिळल्यावर त्याला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही अन्नावाचून चालते. ब्रह्मदेशी अजगरात अन्न पोटात जाताच हृदय, यकृत व आतडे आकाराने वाढतात आणि पचन संपले की पुन्हा लहान होतात. एवढे मोठे काम शरीरात चालू असताना तो हलत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तो सुस्त दिसतो.

विळख्याने भक्ष्याचा श्वास कोंडतो ही समजूत पाठ्यपुस्तकांतही होती. २०१५ साली बोआ सापांवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच उंदराचे रक्ताभिसरण कोलमडते. हाडे मोडण्यासाठी विळखा घातला जातो हीदेखील दंतकथाच आहे.

अजगराचा मूळ स्वभाव आक्रमक नाही. डिवचले गेल्यास तो प्रथम निसटू पाहतो. वाट नसेल तर अंगाची वेटोळी करून डोके मागे खेचतो, मान नागमोडी धरतो व फूत्कारतो. आणि त्यानंतरच चावतो. बॉल पायथन अंगाचा घट्ट गोळा करून डोके मध्ये लपवतो. पुष्कळांना हा गोळा 'शांतपणा' वाटतो. वस्तुतः ती भीतीची पराकाष्ठा असते. याउलट जीभ संथपणे आतबाहेर करीत, सैल अंगाने हळूहळू पुढे सरकणारा अजगर खरोखर निवांत असतो. अजगर पाहताना कानांपेक्षा डोळ्यांवर विसंबावे ते याचमुळे.

त्याच्या चाव्याचेही दोन अर्थ होतात आणि ते वेगळे ओळखता येतात. चावून तत्काळ सोडले तर तो बचाव होय. चावून पकड कायम ठेवली व विळखा घातला, तर त्याने हाताला भक्ष्य मानले आहे. उंदीर वा कोंबडी हाताळून न धुतलेल्या हाताने पिंजऱ्यात जाणे हे या दुसऱ्या चाव्याचे नेहमीचे कारण. यात राग किंवा विश्वासघात शोधू नये. वास भक्ष्याचा, ऊब भक्ष्याची, मग निर्णयही तसाच होतो.

एकाच अजगराचा स्वभाव वर्षभर सारखा राहत नाही. कात टाकण्यापूर्वी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, दृष्टी मंदावते आणि एरवी शांत असलेला प्राणी जरा स्पर्श होताच फुसकारतो. थंडीत तो मंद असतो. उन्हात तापल्यावर तोच चपळ होतो. पिल्ले मोठ्यांपेक्षा लवकर चावतात, कारण त्यांना शत्रूही अधिक असतात. अंड्यांवर बसलेली मादी जवळ येऊ देत नाही. भारतीय अजगराची मादी उन्हाळ्याच्या सुमारास अंडी घालते, त्यांभोवती वेटोळे करून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. शीत रक्ताच्या प्राण्याने ऊब निर्माण करावी हे युरोपातील विद्वानांना प्रथम पटेना. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर हे प्रत्यक्ष नोंदले गेले, आणि १९६६ साली न्यूयॉर्क येथील मादीवर काटेकोर मोजमापांनी सिद्ध झाले. पिल्ले बाहेर आल्यावर मात्र आईचा त्यांच्याशी फारसा संबंध उरत नाही.

अजगर माणसाला ओळखतो काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की तो सरावतो. नेहमीच्या हाताचा वास त्याला धोक्याचा वाटेनासा होतो. अजगर एकांडा असतो ही धारणाही अलीकडे सैल झाली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉल पायथनच्या पिल्लांनी वेगवेगळे आडोसे उपलब्ध असतानाही एकाच आडोशाखाली एकत्र राहणे पसंत केले. यावरून माया किंवा निष्ठा यांपर्यंत उडी घेणे योग्य नाही. दुसऱ्या टोकाची एक गोष्टही भ्रमणध्वनीवरून फिरत असते: मालकिणीशेजारी ताठ झोपणारा अजगर तिला गिळण्यासाठी 'माप' घेत होता. ही निव्वळ कल्पना आहे. कोणताही साप भक्ष्याचे माप असे घेत नाही. मोठ्या अजगरापासून धोका मात्र खरा आहे. २००९ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात घरातील पिंजऱ्यातून सुटलेल्या ब्रह्मदेशी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला.

आजाराचे आवाज

स्वस्थ बसलेल्या अजगराचा श्वास ऐकू येत नाही. तो ऐकू येऊ लागला, म्हणजे शिट्टीसारखा, टिकटिक असा किंवा बुडबुड्यांसारखा, तर तो स्वभावाचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न असतो. कात टाकताना नाकपुडीत जुन्या कातडीचा तुकडा अडकल्यास काही दिवस शिट्टी येते व तुकडा निघाल्यावर ती थांबते. तोंडाशी फेस, तोंड उघडे ठेवून मान वर ताणणे आणि अन्न नाकारणे ही लक्षणे सोबत असतील तर श्वसनमार्गाचा संसर्ग संभवतो. सापाला आपल्यासारखे खोकता येत नाही, त्यामुळे साचलेला स्राव सहज बाहेर पडत नाही. बॉल पायथनमध्ये असा आजार घडवणारा एक विषाणू २०१४ साली ओळखला गेला. 'आमचा अजगर घोरतो' असे कौतुकाने सांगितले जाते तेव्हा बहुधा तो आजारी असतो.

घोणस आणि अजगर यांतील गोंधळ

नांदेड जिल्ह्यातील मुखेड हा बालाघाटच्या डोंगररांगेतील तालुका. खडकाळ माळ, ओढे, तूर-सोयाबीनची शेते आणि उंदरांची रेलचेल असा हा प्रदेश सापांना मानवतो. येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशावरील उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' या नियतकालिकात मांडला. तालुक्याच्या गावी राहून केलेल्या या कामामुळे मुखेडचे नाव सर्पदंशाच्या वैद्यकात परिचित झाले. महाराष्ट्रातील प्रमुख विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. यांपैकी अजगर समजून हातात धरला जाण्याचा धोका घोणशीबाबत आहे.

याचे कारण मापातही आहे. पूर्ण वाढलेली घोणस साधारण मीटर-सव्वा मीटर लांब, जाड व आखूड शेपटीची असते. नेमके हेच माप तरुण अजगराचे. दोघांचा रंग तपकिरी, दोघांच्या अंगावर डाग. अजगराची पिल्ले पावसाळ्याच्या सुमारास अंड्यांतून बाहेर पडतात, आणि घोणस, जी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, तिची पिल्लेही बहुधा त्याच दिवसांत दिसतात. घोणशीचे नुकते जन्मलेले पिल्लूही विषारी असते.

भाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. विदर्भात घोणशीला परड म्हणतात. 'डुरक्या घोणस' हे नाव मात्र एका बिनविषारी, मातीत दडणाऱ्या सापाचे आहे, आणि त्याच्या अंगावरील ठिपके अजगराची आठवण करून देतात. म्हणजे नावात घोणस असलेला साप निरुपद्रवी, आणि अजगराचे पिल्लू म्हणून उचललेला साप प्राणघातक, असा उफराटा प्रकार घडू शकतो.

ओळखीच्या खुणा अशा. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल डागांच्या तीन रांगा असतात, एक मध्यभागी व दोन बाजूंना. डागांना काळी-पांढरी किनार असते. अजगराचे डाग वेडेवाकडे, मोठे व परस्परांत मिसळलेले असतात. घोणशीचे खवले मध्ये उभी कणा असलेले, खरखरीत व निस्तेज. अजगराचे गुळगुळीत व चकचकीत. घोणशीचे डोके त्रिकोणी व मान स्पष्ट बारीक. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, पण घोणशीच्या डोक्यावरही फिकट कोनाकृती रेषा असल्याने केवळ या एका खुणेवर भरवसा ठेवू नये.

आवाजाचा उपयोग येथे मर्यादित आहे. डिवचलेली घोणस प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा व लांबलचक फुसकारा करते, आणि शरीराचा पुढचा भाग उचलून विलक्षण वेगाने झेप घेते. अजगराचा फूत्कार सामान्यतः सावकाश व भात्यासारखा. परंतु मोठ्या अजगराचा आवाजही जोरदार असतो, आणि घोणस प्रत्येक वेळी फुसकारतेच असे नाही; पाचोळ्यात ती पायाखाली येईपर्यंत गप्प पडून राहू शकते. तेव्हा आवाज आला तर मागे सरावे, आणि आवाज न आल्यास साप बिनविषारी असल्याचा निष्कर्ष काढू नये.

अजगराच्या चाव्याने विषबाधा होत नाही. मागे वळलेल्या तीक्ष्ण दातांमुळे जखमा होतात व त्या स्वच्छ करून धनुर्वाताची लस घ्यावी लागते. घोणशीच्या दंशात वेदना व सूज येते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाऊ शकते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून 'अजगरच होता' असे चावलेल्या माणसाने सांगितले तरी रुग्णालय गाठणे टाळू नये. चावलेला अवयव हलवू नये. आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष वापरले जाते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

पाळणे आणि कायदा

भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्यास पकडणे, पाळणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. 'पाळीव भारतीय अजगर' असा कायदेशीर प्रकारच अस्तित्वात नाही. शेतात सापडलेले पिल्लू हौसेने डब्यात ठेवणे किंवा अजगर गळ्यात घालून छायाचित्रे काढणे हेही यात मोडते. हेतू चांगला होता म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही.

बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी नियम निराळे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापार करारात नोंदलेल्या अशा प्राण्यांचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची ४ मध्ये झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' या संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. परदेशी म्हणून विकला जाणारा साप प्रत्यक्षात भारतीय अजगराचे पिल्लू असल्यास ही नोंदणी उपयोगी पडत नाही. अजगर जवळून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी पुण्यातील कात्रजचे सर्पोद्यान आहे. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिलेले नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने ते १९८६ साली उभे राहिले.

शेतात किंवा घराजवळ अजगर दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्रास बोलवावे. ते येईपर्यंत अंतर राखून सापावर केवळ नजर ठेवावी. गर्दी करू नये, काठीने ढोसू नये. पोट फुगलेला अजगर विशेष जपण्यासारखा असतो. त्रास दिला की तो निसटण्यासाठी गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो, आणि अनेक आठवड्यांचे अन्न असे वाया जाते.